हाना (माउई, हवाई) ला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईचं तिकीट काढलं की प्रत्येकाच्या यादीत "रोड टू हाना" असतोच, आणि मग व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकतोय. एक आधीच सांगतो, माझं सगळं मत हानात मुक्काम करण्याच्या बाजूने आहे, तेव्हा त्या हिशोबाने वाचा.

हाना नक्की आहे कुठे आणि आहे काय?

माउई बेटाच्या पार पूर्व टोकाला, हालेआकाला ज्वालामुखीच्या समुद्राकडच्या उतारावर वसलेलं छोटंसं गाव. वस्ती दीड हजाराच्या आसपास, गावात एकही ट्रॅफिक सिग्नल नाही, मॉल नाही, मोठं सुपरमार्केट नाही. एक छोटी खाडी, तिच्या कडेला काउइकी नावाची लालसर मातीची टेकडी, दोन-तीन दुकानं, चर्च, शाळा, दवाखाना, गुरांची कुरणं आणि एक मोठं रिसॉर्ट, संपलं गाव. मूळ हवाईयन लोकांचं प्रमाण इथे माउईच्या बाकी भागांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि ते जाणवतं.

पूर्वी इथे ऊस होता. १९४० च्या दशकात साखरेचं काम बंद पडलं, लोक पोटापाण्यासाठी बाहेर पडायला लागले. तेव्हा पॉल फेगन नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पैसेवाल्या माणसाने उसाच्या जमिनीवर गुरं पाळायला सुरुवात केली आणि १९४६ ला हॉटेल काढलं, वर स्वतःच्या बेसबॉल टीमला सरावासाठी इथेच आणलं, म्हणजे त्यांच्या मागोमाग पेपरवाले आले आणि फुकटात जाहिरात झाली! गावामागच्या टेकडीवर दगडी क्रॉस दिसतो तो त्याच्याच स्मरणार्थ आहे. संध्याकाळी वर चढून जा, अख्खी खाडी दिसते.

व्हिसा वेगळा लागतो का?

नाही. हवाई म्हणजे अमेरिकेचंच राज्य. भारतातून येणार असाल तर नेहमीचा टुरिस्ट व्हिसा, आणि अमेरिकेतच राहत असाल तर हे डोमेस्टिक फ्लाइट.

पोचायचं कसं?

माउईचा मोठा एअरपोर्ट काहुलुई. कॅलिफोर्नियातून डायरेक्ट फ्लाइट्स आहेत, साधारण साडेपाच तास. भारतातून डायरेक्ट काही नाही, होनोलुलूपर्यंत एक-दोन ठिकाणी बदलत यायचं आणि तिथून काहुलुईला अर्ध्या-पाऊण तासाचं छोटं फ्लाइट. काहुलुई ते हाना ५२ मैल, म्हणजे ८४ किलोमीटर, न थांबता गेलात तरी अडीच तास धरा. हानाला स्वतःची छोटीशी धावपट्टी आहे आणि काहुलुईहून अगदी लहान विमानं तिथे जातात, पण उतरल्यावर फिरायला गाडी लागतेच, म्हणून बहुतेक लोक काहुलुईलाच रेंटल घेतात.

घरी फोन करणाऱ्यांसाठी: भारत साडेपंधरा तास पुढे. हानात संध्याकाळचे ६ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ.

रस्ता खरंच तेवढा भयानक आहे का?

भयानक नाही, दमवणारा आहे. सहाशेच्या वर वळणं आणि ५९ पूल, त्यातले बहुतेक एकेरी. आपल्याकडे आंबेनळी घाट चालवलेल्या माणसाला वळणांची भीती वाटणार नाही, त्रास होतो तो पुलांचा, कारण तिथली शिस्त माहिती नसते. १९१०-२० च्या काळातले अरुंद काँक्रीटचे पूल आहेत ते. अलीकडे पांढरी रेघ असते, तिथे थांबायचं. समोरून गाडी पुलावर असेल तर ती जाऊ द्यायची, मागे रांग असेल तर पाच-सहा गाड्यांना सोडायचं आणि मग आपण निघायचं, आपल्या मागच्या चार-पाच गाड्याही आपल्याबरोबर जातात, मग परत समोरच्यांची पाळी. जाता जाता हात वर करायचा. हॉर्न वाजवायचा नाही, म्हणजे नाहीच, इथे हॉर्न म्हणजे शिवी दिल्यासारखं आहे.

दुसरं म्हणजे आरशात बघत राहा. मागे कोणाचा जुना पिकअप चिकटून येत असेल तर तो कामावर किंवा शाळेतल्या पोराला आणायला चाललेला असतो, आपण धबधबे बघत चाललेलो असतो. जिथे रुंद जागा मिळेल तिथे बाजूला घ्या आणि जाऊ द्या.

आणि हे मैलाचे दगड! गाईडमध्ये "मैल १६ ला थांबा" वगैरे लिहिलेलं असतं त्यात एक गोम आहे. काहुलुईकडून निघताना हायवे ३६ असतो, साधारण १६ मैलांनंतर तो ३६० होतो आणि आकडे परत शून्यापासून सुरू होतात. त्यामुळे एकच आकडा दोनदा येतो आणि लोक भलत्याच ठिकाणी धबधबा शोधत बसतात.

गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसा, निघायच्या आधी गोळी घ्या, सोबत आलेपाक ठेवा. पेट्रोल पाइआ गावात भरून घ्या, तिथून हानापर्यंत पंप नाही. हानात आहे, पण महाग.

एका दिवसात जाऊन येता येतं का? सगळे तसंच करतात ना?

येतं, आणि हो, बहुतेक लोक तसंच करतात, आणि त्यातले निम्मे परत येऊन सांगतात की "रस्ता भारी, पण हानात काही विशेष नाही". विशेष दिसणार कसं? सकाळी ७ ला निघायचं, दहा ठिकाणी फोटो काढायला थांबायचं, दुपारी १ ला पोचायचं, तेव्हा पार्किंग फुल्ल, फूड ट्रकसमोर रांग, आणि अडीचला "अंधार व्हायच्या आत निघू" म्हणून परत त्याच सहाशे वळणांवर. हे म्हणजे गाडीत बसायचे पैसे देणं झालं.

हानाची खरी वेळ म्हणजे सकाळी १० च्या आधी आणि दुपारी ४ नंतर. डे-ट्रिपवाले निघून गेले की गाव आपल्या मूळ चालीवर येतं. पोरं खाडीच्या धक्क्यावरून पाण्यात उड्या मारतात, कोणीतरी लांबलचक होडी ओढून वाळूवर आणत असतं, म्हातारी मंडळी गाडीचं मागचं फळकूट उघडून त्यावर बसलेली असतात. करायला काही नसतं, तेच बघायचं असतं. निदान दोन रात्री राहा. खिशाला परवडत नसेल तर एक रात्र तरी राहा, आणि तेही जमत नसेल तर माझं प्रामाणिक मत असं की केआनाएपर्यंत (वाटेतलं एक गाव, खाली लिहिलंय) जा, तिथे निवांत बसा आणि परत फिरा. हानापर्यंत धावत जायचा आग्रह सोडा.

राहायची सोय काय? महाग असेल?

महाग आहे. मोठं रिसॉर्ट एकच, ते भरपूर महाग. त्याशिवाय थोडी कॉटेजेस आणि किचन असलेले छोटे फ्लॅट्स मिळतात, फक्त ते परवाना असलेलं आहे ना ते बघून घ्या, कारण माउईवर विनापरवाना घरं भाड्याने देण्यावरून बरंच वातावरण तापलेलं आहे. स्वस्तातला मार्ग म्हणजे वाइआनापानापा स्टेट पार्कमधली तंबूची जागा किंवा तिथल्या केबिन्स, पण त्या फार आधी भरतात. हॉटेलच्या भाड्यावर टॅक्स वेगळा लागतो, तो धरून हिशोब करा.

वाटेत कुठे थांबावं?

यादी करू नका. दोन-तीन जागा पुरे. ट्विन फॉल्सला गर्दी असते, पुआआ काआ इथे रस्त्याला लागूनच छोटा धबधबा आणि टॉयलेट दोन्ही आहे, लहान मुलं असतील तर ते सोयीचं. पण मला विचाराल तर केआनाए.

मुख्य रस्ता सोडून खाली उतरलं की लाव्हाची एक जीभ समुद्रात घुसलेली आहे, काळाकुट्ट खडक, त्यावर फुटणाऱ्या लाटा आणि आत सपाटीवर पाणी साठवलेली हिरवीगार खाचरं. ती अळूची खाचरं आहेत. हो, आपलं अळू, तीच जात, इथे त्याला कालो म्हणतात आणि भातासारखं वाहत्या पाण्यात लावतात. बांधावर उभं राहिलं की पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बारीक आवाज येतो आणि गुडघाभर पानं वाऱ्यावर हलत असतात. खाचरात उतरू नका, ते कोणाचं तरी शेत आहे, रस्त्यावरूनच बघा.

हवाईयन लोकांसाठी कालो हे नुसतं खाणं नाही. त्यांच्या पुराणकथेत वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथून कालो उगवला, आणि नंतर झालेला दुसरा मुलगा हालोआ म्हणजे माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ! त्यामुळे इथल्या ओढ्यांच्या पाण्यावरून झालेलं भांडण किती जिव्हारी लागलं असेल बघा. १८७० च्या दशकापासून या बाजूच्या ओढ्यांचं पाणी कालवे काढून मधल्या सपाटीवरच्या उसाला नेलं, इथल्या अळूवाल्यांना पाणी पुरेना. ते लोक वर्षानुवर्षं लढले, २०१६ मध्ये माउईवरची शेवटची ऊस कंपनी बंद झाली आणि २०१८ मध्ये राज्याच्या जल आयोगाने बऱ्याच ओढ्यांना पाणी परत सोडायचा आदेश दिला. सांगली-सोलापूरकडच्या माणसाला ही ऊस आणि पाण्याची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

केआनाएलाच १८६० च्या सुमाराचं दगडी चर्च आहे. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीत गाव जवळजवळ सगळं वाहून गेलं, हे चर्च तेवढं उभं राहिलं. आणि जवळच्या टपरीवर मिळणारा केळ्याचा ब्रेड गरम असतानाच खा, कॅश जवळ ठेवा.

काळ्या वाळूचा बीच म्हणतात तो कोणता? बुकिंग लागतं म्हणे?

तोच वाइआनापानापा, हानाच्या थोडंसं अलीकडे. मार्च २०२१ पासून बाहेरच्या लोकांना आधी ऑनलाइन बुकिंग केल्याशिवाय आत सोडत नाहीत, गेटवर तिकीट मिळत नाही. माणशी ५ डॉलर आणि गाडीचे १०, आणि दिवसाचे अडीच-तीन तासांचे स्लॉट्स असतात. तीस दिवस आधी बुकिंग उघडतं, सुट्टीच्या दिवसात पटापट संपतं. पहिला, सकाळी ७ चा स्लॉट घ्या, त्यासाठी हानातच राहावं लागतं हे वेगळं सांगत नाही.

काळी वाळू म्हणजे लाव्हाचा चुरा, जवळून बघितलं तर वाळू कमी आणि गुळगुळीत गोटेच जास्त, अनवाणी चालताना टोचतात. बीचच्या वर गोड्या पाण्याच्या गुहा आहेत. त्यांची गोष्ट अशी की पोपोआलाएआ नावाची राणी नवऱ्याच्या छळाला कंटाळून तिथे लपली, त्याने शोधून तिला मारलं, आणि म्हणून ठरावीक काळात पाणी लाल होतं. लाल होतं ते बारीक लाल कोळंब्यांमुळे, पण ते सांगणारा माणूस सुद्धा आधी गोष्टच सांगतो. पार्कमधून किनाऱ्याने जुनी पायवाट जाते, तिच्या आजूबाजूला केवड्याच्या जातीची दाट झाडं आहेत, त्याच पानांच्या ते लोक चटया विणतात.

पोहता येतं का?

हानाच्या खाडीत बहुतेक वेळा पाणी शांत, मुलांना तिथेच न्या. हामोआ बीच फार देखणा पण लाटा जोरदार, लाइफगार्डच्या भरवशावर जाऊ नका. वाइआनापानापाला ओढ असते, मी पायच भिजवतो. आणि तो इन्स्टावरचा लाल वाळूचा बीच: तिथली वाट घसरणाऱ्या मातीची, कड्याच्या काठाने, आणि तिथपर्यंत जायला दुसऱ्याच्या जमिनीतून जावं लागतं. लोक पडलेत, हेलिकॉप्टरने उचलावं लागलंय. नका जाऊ.

सनस्क्रीन साधं चालत नाही. २०२१ पासून हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं विकायला बंदी आहे आणि माउईत त्याहून कडक नियम आहे, फक्त झिंक किंवा टायटॅनियमवालं मिनरल सनस्क्रीन आणा. तोंड पांढरं दिसतं, दिसू दे.

हालेआकाला नॅशनल पार्क हानातून करता येतो का?

इथे खूप लोक गोंधळतात. पार्क एकच पण दोन भाग. ज्वालामुखीचं शिखर, १०,०२३ फूट, जिथे लोक पहाटे सूर्योदय बघायला जातात, ते काहुलुईच्या बाजूने. हानाच्या पुढे १० मैलांवर आहे तो किपाहुलू, समुद्रालगतचा भाग. दोघांना जोडणारा थेट रस्ता पार्कच्या आतून नाही. गाडीचं तिकीट ३० डॉलर, कार्डनेच, ते तीन दिवस दोन्हीकडे चालतं, म्हणून पावती टाकू नका.

किपाहुलूला पिपीवाय ट्रेल करा. जाऊन-येऊन ४ मैल, थोडा चढ. वाटेत एक प्रचंड वड लागतो, मग बांबूचं बन सुरू होतं, इतकं दाट की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं आणि वारा आला की बांबू एकमेकांवर आपटून टकटक करत राहतात. शेवटी ४०० फुटी वाइमोकू धबधबा. खालची ओहेओची कुंडं "सात पवित्र कुंडं" म्हणून विकली जातात, ती हॉटेलवाल्यांच्या काळातली जाहिरात, कुंडं सातापेक्षा जास्तच आहेत. पोहणं बऱ्याचदा बंद असतं, कारण वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना अचानक लोंढा येतो. बंद म्हटलं की बंद.

तिथून थोडं पुढे छोट्या चर्चच्या आवारात चार्ल्स लिंडबर्गची कबर आहे, अटलांटिक एकट्याने पार करणारा वैमानिक. १९७४ ला शेवटच्या दिवसात तो मुद्दाम इथे येऊन वारला.

इतिहासाची आवड आहे, बघण्यासारखं काही?

काहानू गार्डनमधलं पीइलानीहाले हेईआउ. हेईआउ म्हणजे जुनं पूजास्थान, आणि हे पॉलिनेशियातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. चुना-सिमेंट काही नाही, नुसते लाव्हाचे दगड रचून उभी केलेली अजस्र भिंत. वर चढायला मनाई आहे. त्याच बागेत नीरफणसाच्या जातींचा जगातला सर्वात मोठा संग्रह आहे, कोकणातल्या माणसाने तर न चुकता जावं, कापं तळायची इच्छा आवरावी लागते एवढंच.

काउइकी टेकडीच्या गुहेत काआहुमानू राणीचा जन्म झाला असं मानतात. पहिल्या कामेहामेहा राजाची ही लाडकी राणी. बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही, केळी खायची नाहीत असले नियम होते, राजा १८१९ ला गेल्यावर तिनेच पुढाकार घेऊन ते मोडले. नव्या राजाला बायकांबरोबर पंगतीत बसवलं, तिथून जुनी व्यवस्थाच कोसळली.

व्हेज मिळतं का? आई-बाबा सोबत आहेत.

मिळतं, पण ठरवून खायला लागतं. फूड ट्रक्स दुपारी तीन-चारला बंद होतात, रात्री पर्याय एक-दोनच आणि तेही कधी कधी बंद. किचन असलेली जागा घ्या, काहुलुईत तांदूळ-डाळ-भाज्या भरून घ्या, मेतकूट, पोहे, लोणचं घरून आणा. पॅकबंद कोरडं खाणं आणायला हरकत नसते, ताजी फळं, बिया, रोपं मात्र आणू नका, त्याचा फॉर्म भरून घेतात. हानात हासेगावा जनरल स्टोअर आहे, १९१० पासूनचं जपानी कुटुंबाचं दुकान, १९९० च्या आगीत जुनी जागा जळाली. गळापासून ब्रेडपर्यंत सगळं एकाच छताखाली, फिरायलाच मजा येते, पण भाव चढे.

पोई नक्की चाखा, अळूचे कंद शिजवून कुटलेली जांभळट, पातळसर लापशी, एक-दोन दिवस ठेवलेली थोडी आंबट लागते आणि मला तीच आवडते. लाउलाउ मात्र विचारून घ्या. अळूच्या पानात गुंडाळलेलं बघून आपल्याला अळूवडी आठवते, पण आत डुक्कर किंवा मासा असतो. फळांची चंगळ आहे, पपई, लिलिकोई (पॅशन फ्रूट), छोटी आंबटगोड केळी, रस्त्याकडेला टेबलावर ठेवलेली असतात, डब्यात पैसे टाकायचे आणि घ्यायची. समोर कोणी नसतं, म्हणून डबा विसरू नका.

आई-बाबांना गुडघेदुखी असेल तर वळणं आणि ट्रेल एकाच दिवशी ठेवू नका. दवाखाना आहे, पण मोठं हॉस्पिटल काहुलुईजवळच्या वाइलुकूला, म्हणजे परत तोच रस्ता. औषधं पुरेशी ठेवा.

पाऊस किती? कधी जावं?

वाऱ्याकडची बाजू, पाऊस कधीही येतो. सर येते, जाते, ऊन पडतं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर मला बरे वाटतात. हिवाळ्यात समुद्र खवळलेला आणि दरडीही पडतात, पण डिसेंबर ते एप्रिल देवमासे दिसायची शक्यता असते. वसंतात तारो (म्हणजे अळू) फेस्टिवल असतो, तारखा जुळल्या तर बघा.

साप, डास, आजार?

सापांची भीती नाही. डास आहेत, बांबूच्या बनात तर भरपूर. ओढ्यात उतरायचं असेल तर अंगावर जखम नको, इथल्या गोड्या पाण्यात लेप्टो होऊ शकतो, मुंबईकरांना हे माहितीच आहे. पालेभाज्या नीट धुवा, गोगलगायींमधून पसरणारा एक वाईट आजार या भागात झालेला आहे.

फोन चालतो?

रस्त्यात बराच वेळ नाही. मॅप डाउनलोड करून ठेवा.

आगीनंतर माउईला जावं की नाही?

ऑगस्ट २०२३ ची आग लाहैनात लागली, ती पश्चिमेला, हाना दुसऱ्या टोकाला. शंभरावर माणसं गेली, अजून सगळं सावरलेलं नाही. लोकांचं पोट पर्यटनावर आहे, जा, पण जळालेल्या घरांपुढे सेल्फी नकोत आणि आगीबद्दल आपणहून विचारू नका. लाहैनातला तो प्रसिद्ध वड १८७३ ला लावलेला, रोप भारतातून आलेलं. आगीत होरपळला तरी पुन्हा पालवी फुटली.

लोक कसे आहेत? काही खास पाळायचं?

प्रेमळ, पण पर्यटकांना कंटाळलेले. मोठ्यांना आंटी-अंकल म्हणतात, आपल्याला ते सोपंच. "कापू" लिहिलेली पाटी म्हणजे आत येऊ नका. रस्त्यावर "नो पार्किंग" असेल तिथे लावलीत तर दोनशे डॉलरच्या वर दंड आहे आणि खरंच लावतात. ड्रोन नको, स्पीकर नको.

हानाच्या पुढून मागच्या रस्त्याने गोल फिरून परत येता येतं का?

येतं. किपाहुलूनंतर काउपोवरून, काही मैल खडबडीत, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मग एकदम झाडं संपून वाळलेलं गवताळ माळरान, हा बदल बघण्यासारखा आहे. पण बऱ्याच रेंटल कंपन्यांच्या करारात तिथलं नुकसान धरत नाहीत, करार वाचा, पावसानंतर जाऊ नका.

परत येताना काय आणता येतं?

वाळू, दगड काही नाही, कायद्याने बंदी आहे. अमेरिकेच्या मेनलँडला जाताना एअरपोर्टवर शेतकी खात्यावाले बॅग तपासतात. अननस आणि नारळ चालतो, आंबा आणि बहुतेक बाकी ताजी फळं काढून घेतात. केळ्याचा ब्रेड चालतो, दोन घ्या, एक विमानतळावर पोचेपर्यंत संपतो.